गोटा टायर आणि भिसे खिंड

आमच्या घरात टायर हा विषय माझ्याकडे कधीच नव्हता. गॅस सिलिंडर, पापडाचं पीठ, गणपतीची वर्गणी हे माझं खातं. गाडी आणि तिच्याखालचं सगळं काळं-काळं ते ह्यांचं आणि चिरंजीवांचं. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, भिसे खिंडीत हे खातं अचानक माझ्याकडे आलं.

आधी गाडीविषयी सांगते. लेकाने नोकरी लागल्यावर हौसेने 'पोलो जीटी' घेतली होती. दिसायला साधी छोटी गाडी, पण आत १.२ लिटरचं टर्बो इंजिन. पाय जरा जोरात पडला की पाठ सीटला चिकटते. आमच्याकडे तिला 'स्पोर्ट्स कार' म्हणतात, थोडं कौतुकाने आणि थोडं चिडवायला. २०२२ पासून ती कंपनीने भारतात विकणंही बंद केलं. लेक पुण्याला गेला, तिथे त्याला पार्किंग मिळेना, म्हणून गाडी आली माझ्याकडे. मी पेणला राहते आणि नोकरी रोह्याला. दिवा-रोहा मेमू आहे, पण तिच्या वेळा आणि माझ्या ऑफिसच्या वेळा यांचं कधी जमलं नाही. मग वडखळ, कासू, आमटेम, नागोठणं, तिथून भिसे खिंड ओलांडून रोहा, असा रोजचा जाऊन-येऊन ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरचा प्रवास. पनवेल-इंदापूर रस्त्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, आणि पुढची कित्येक वर्षं आम्ही त्याची खड्ड्यांतून वाट पाहिली. टायरना हे सगळं ठाऊक होतं, मला नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस. शेजारी ऑफिसमधली मैत्रीण बसलेली. खिंडीच्या उतारावर एका वळणात पाणी साचलं होतं. वेग फार नव्हता, खरंच. मी स्टिअरिंग वळवलं आणि गाडी वळलीच नाही! सरळ चालली, जणू रस्त्यावर साबण ओतलाय. समोरून लाल एसटी येत होती. ब्रेकवर पाय, पायाखाली थरथर, आणि मग चाकांना कुठेतरी रस्ता सापडला. एसटीवाल्याने हॉर्न दिला तो अजून कानात आहे. मैत्रीण रोहा येईपर्यंत बोलली नाही. मीही नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अगं, पावसात जरा हळू चालवायचं. टायर अजून चालतील. दसऱ्याला घेऊ." दसरा अडीच महिन्यांवर होता. आपल्याकडे खरेदीला मुहूर्त लागतो हे मला मान्य आहे, पण घसरण्याला लागत नाही ना!

दुसऱ्या दिवशी गल्लीत गणपतीच्या मूर्ती पोचवणारा टेम्पो उभा होता. आमच्या पेणच्या, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती भरून तो मुंबई-पुण्याला जातो. त्या टेम्पोवाल्या दादांना मी टायर दाखवले. त्यांनी वाकून चाकाच्या आतल्या बाजूने हात फिरवला. "ताई, बाहेरून नक्षी दिसते म्हणून फसलात. आतून गोटा झालाय. हात लावून बघा." मी हात लावला. आतली कड गुळगुळीत, जेवणाच्या ताटासारखी. पुढची दोन्ही चाकं तशीच. खड्ड्यांमुळे अलाइनमेंट बिघडलेली, म्हणून चाक तिरकं घासत होतं. टायरचे जेमतेम एकतीस हजार किलोमीटर झाले होते. मागच्या एका टायरला तर बाजूने फुगा आलेला, म्हणजे आतले दोरे तुटलेले. तो कधीही फुटू शकतो.

मग मी अभ्यासाला बसले. आपण साडी घेताना पोत, काठ, रंग जातो का, सगळं विचारतो. टायर घेताना मात्र 'काळा द्या' एवढंच. खरं तर टायरच्या अंगावर सगळी कुंडली लिहिलेली असते. आमच्या टायरवर होतं १८५/६० आर १५ ८४ एच. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या साठ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे इंचांत डिस्कचं माप. ८४ हा भाराचा आकडा, एका टायरला ५०० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग, जो खिंडीतच काय, आमच्या अख्ख्या रस्त्यावर स्वप्नातही येणार नाही. शिवाय आयएसआयची खूण हवी, आणि एका लांबट चौकटीत चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. रबर नुसतं ठेवलं तरी म्हातारं होतं, तेव्हा हे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

नक्षीच्या खोबणीत मधूनमधून छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की १.६ मिलिमीटर उरलं, टायर संपला. नव्या टायरची खोबण साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. ही खोबण शोभेसाठी नसते. रस्त्यावरचं पाणी तिच्यातून बाहेर फेकलं जातं. ती उथळ झाली की पाण्याला जायला वाट उरत नाही, चाक पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. खिंडीत माझं तेच झालं होतं.

लेकाला फोन केला. त्याचं म्हणणं, "आई, मऊ रबराचा, मस्त पकडीचा परदेशी टायर घे. नाहीतर गाडीची मजा जाईल." मऊ रबर रस्त्याला चिकटतं हे खरं, पण झिजतंही भराभर. वर्षाला माझे चोवीस हजार किलोमीटर होतात. त्याने सांगितलेला संच अठ्ठावीस हजारांचा, तो तीस हजार किलोमीटर टिकेल असं धरलं तर किलोमीटरला त्र्याण्णव पैसे. टिकाऊ संच बावीस हजारांचा, पंचावन्न हजार किलोमीटर गेला तर चाळीस पैसे. हा हिशेब मी कालनिर्णयच्या मागे केला. शिवाय जून २०२० पासून टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आलं, त्यामुळे त्याच्या मनातला टायर दुकानात नव्हताच.

टिकाऊ म्हणून विकले जाणारे टायर बरेच आहेत. सिएटचा 'मायलेज', अपोलोचा 'अमेझर फोर जी लाइफ', गुडइयरचा 'ड्युराप्लस'. नावातच आयुष्याचं वचन. काही टायरवर झिजेचा एक अंकही असतो, 'ट्रेडवेअर'. १०० हा पाया, अंक जितका मोठा तितका टायर टिकाऊ. पण हा अंक कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला ठीक, दोन कंपन्यांचे नाही. सगळ्यात मोठा अंक उचलावा असा मोह मला झाला होता. मग तो वळणातला साबण आठवला. रबर कडक केलं की आयुष्य वाढतं, पण ओल्या रस्त्यावरची पकड सहसा कमी होते. आमच्या रायगडात चार महिने पाऊस! रबरात सिलिका घातली की दोन्हीचा थोडा मेळ बसतो. २०२२ मध्ये सरकारने मोटारींच्या टायरसाठी ओल्या रस्त्यावरच्या पकडीचे किमान निकषही ठरवले. म्हणून मी ठरवलं: टिकाऊ हवा, पण सिलिकावाला आणि रुंद, सरळ खोबणींचा.

एका दुकानात गेलो. मी प्रश्न विचारत होते आणि दुकानदार उत्तरं ह्यांना देत होता. मी विचारलं, कोणत्या आठवड्याचा? तो ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "साहेब, एकदम फ्रेश माल." मी वाकून वाचलं तर तीन वर्षांपूर्वीचा! आम्ही निघालो. बाहेर आल्यावर हे हळूच म्हणाले, "ते आकडे कुठे असतात म्हणालीस?" वीस वर्षं गाडी चालवताहेत.

दुसऱ्या दुकानातला कारागीर चांगला भेटला. ह्यांनी तिथे शेवटचा प्रयत्न केला, "पुढचे दोनच बदलले तर?" तो म्हणाला, "दोनच घ्यायचे तर नवे मागे लावायचे, साहेब." आम्हा दोघांनाही हे उलटं वाटलं. इंजिन पुढच्या चाकांना फिरवतं, झिजतात पुढचे, मग नवे मागे कशाला? पण पुढचं चाक घसरलं तर निदान वेग कमी करून सावरता येतं. मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते आणि ती भल्याभल्यांना सावरत नाही. आमचा तर मागचाही एक फुगलेला, म्हणून चारही घेतले. बॅलन्सिंग, अलाइनमेंट करून घेतली. नायट्रोजनला मात्र नाही म्हटलं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि तो फुकट असतो.

त्या कारागिराने जाताना सांगितलं ते मी पाळते. पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी थंड असताना हवा बघायची. हवा कमी असली तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असली तर मधला पट्टा. आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल, आणि मोठ्या खड्ड्यात आपटली की अलाइनमेंट. जुना संच एकतीस हजारांत गेला तो रबर वाईट होतं म्हणून नाही. त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ह्यांनी लगेच हिशेब केला, दसऱ्यापर्यंत थांबलो असतो तर साधारण सतराशे रुपये वाचले असते. हे वाक्य मी आतापर्यंत निदान पन्नास वेळा ऐकलंय. उत्तर म्हणून दर वेळी फक्त 'लाल एसटी' एवढंच म्हणते.

त्याआधी ऑगस्टमध्ये लेक गणपतीला आला. गाडी घेऊन नागोठण्यापर्यंत चक्कर मारून आला आणि म्हणाला, "आई, जरा कडक वाटतेय गं गाडी." मी म्हटलं, "वाटू दे. किल्ली इकडे दे आणि मोदकाच्या पंगतीला बस."