एका डिलाइटची अकरा वर्षे

सन २००८ च्या उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यातील एका जुन्या वाड्याच्या गोठ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी, चारही चाके जमिनीत रुतवून बसलेली १९६६ सालची फियाट डिलाइट मी विकत घेतली आणि ट्रकवर घालून पुण्यास आणली, त्याच रात्री तिच्या नावाने लाल कापडी पुठ्ठ्याची एक जमाखर्चाची वही घातली. वहीचे दोन भाग पाडले होते, पहिला ‘दुरुस्ती’चा आणि दुसरा ‘सुधारणे’चा, आणि गाडी जुनी असली तरी एकदा चालती झाली की दुरुस्तीचे खाते आपोआप मिटेल व पुढचा सारा व्यवहार सुधारणेवर पडेल, अशा भाबड्या अदमासाने पहिल्या भागास मी वीस पाने देऊन बाकीचा सारा मुलूख दुसऱ्याच्या हवाली केला होता. २०१९ च्या डिसेंबरात वही संपली. त्या वेळी दुरुस्तीचे खाते आपली हद्द ओलांडून दुसऱ्या भागात खोलवर घुसलेले होते, आणि सुधारणेच्या सदराखाली जी पंधरासोळा पाने भरली होती त्यांतील निम्म्या नोंदींवर, त्या सुधारणा मागाहून काढून टाकल्यामुळे, लाल शाईची आडवी रेघ होती.

हौशी मोटारशर्यतीत बेचाळीस वर्षांच्या फियाटने उतरावे हा बेत ऐकून ज्या स्नेह्यांनी माझी मनापासून कीव केली, त्यांचा दोष मी मानीत नाही, कारण त्यांनी ही गाडी पाहिली होती ती मुंबईची टॅक्सी म्हणून किंवा सासऱ्यांचे वाहन म्हणून. तिच्या इंजिनाची वंशावळ त्यांच्या कानावर गेलेली नव्हती. दान्ते जियाकोसा या अभियंत्याने तूरीनच्या फियाट कारखान्यासाठी १९३७ साली जे इंजिन सिद्ध केले, त्याच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची चाल ७५ मिलिमीटर आणि चारही सिलिंडरांचे मिळून घनफळ १०८९ घन सेंटिमीटर होते. आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे ‘डुक्कर’, ‘डिलाइट’, ‘प्रेसिडेंट’, ‘पद्मिनी’ अशी ज्या ज्या नावांनी ही गाडी बाहेर पडली, त्या साऱ्या अवतारांत हीच मापे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकून राहिली. दुसरे महायुद्ध संपताच १९४६ साली चिसितालिया या संस्थेने जी एका आसनाची चिमुकली शर्यतगाडी रचली तिच्यात याच घराण्याचे इंजिन होते. आणि १९५८ पासून फॉर्म्युला ज्युनिअर नावाचा जो वर्ग गाजला, त्यातील मोदेनाच्या स्तांग्वेलिनीच्या गाड्याही याच ११०० वर धावल्या. स्वतः फियाटने १९५३ साली साधी ११०० बाजारात आणली ती सुमारे ३६ अश्वशक्तीची, आणि त्याच वर्षी तिचीच शीघ्रगामी आवृत्ती काढली ती पन्नाशीच्या घरातली. घनफळात एका थेंबाचा फरक नव्हता. कार्बोरेटर निराळा, संपीडन थोडे अधिक आणि श्वासोच्छ्वास मोकळा, एवढाच भेद. म्हणजे जे करण्यासाठी मी कर्ज काढू पाहत होतो, ते करून दाखविल्याला पंचावन्न वर्षे उलटली होती.

आपल्याकडेही तिचा पराक्रम अगदीच उपेक्षणीय नाही. मद्रासच्या उत्तरेस शोलावरम् येथे महायुद्धकाळात बांधलेली एक धावपट्टी ओस पडली होती. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिचेच शर्यतीचे मैदान केले, आणि तेथे संस्थानिकांच्या परदेशी गाड्यांच्या सोबतीला फियाट, हेराल्ड आणि अँबॅसॅडर अशा गृहस्थी गाड्यांचा मेळा वर्षानुवर्षे भरत राहिला. परवान्यांचा तो काळ असा होता की नवी फियाट घरी येण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि परदेशी सुटा भाग मागविणे म्हणजे जकातीच्या दफ्तराशी वैर पत्करणे होते. अशा टंचाईतच आपल्या मिस्त्री लोकांची बुद्धी तल्लख झाली, असे म्हणण्याची एक रीत आहे. मी अकरा वर्षे त्या तल्लख बुद्धीची फळे स्क्रूड्रायव्हरने उकरून काढली आहेत, तेव्हा या स्तुतीत मी बेताने सामील होतो.

नाना पेठेच्या मागच्या अंगास ज्यांचे गॅरेज होते आणि ज्यांचे सारे आयुष्य टॅक्सीच्या फियाटी बांधण्यात गेले होते, अशा एका वृद्ध मिस्त्रींकडे मी गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडून पाहिले, डिपस्टिक नाकाशी धरली आणि विचारले, “साहेब, पळवायचीय की नुसती चालवायचीय?” पळवायची आहे, असे मी सांगताच ते म्हणाले, “मग सगळी खोलावी लागंल.” आणि त्यांनी ती सगळी खोलली. बिग एंडच्या एका बेअरिंगच्या पाठीशी कोणी डब्याच्या पत्र्याची चकती बसविलेली निघाली. एका ठिकाणी ट्रॅक्टरचा बोल्ट आटा मोडून ठोकलेला होता. रेडिएटरच्या निम्म्या नळ्या गळती थांबविण्याच्या नादात डाखाने कायमच्या बंद केलेल्या होत्या. चाळीस वर्षांत या गाडीची ‘दुरुस्ती’ ज्याने ज्याने केली, त्याने त्या दिवसापुरती ती चालविली होती आणि पुढच्यासाठी एक ऋण मागे ठेवले होते. ते सारे ऋण व्याजासह माझ्या वहीत जमा झाले.

सिलिंडर झिजून लंबगोल झाले होते, म्हणून रिबोअर करून चाळीस साइजचे पिस्टन घातले. त्याबरोबर घनफळ १०८९ वरून ११२२ वर गेले. येथे शर्यतीच्या कायद्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. जेथे वर्गाची मर्यादा काटेकोर ११०० घन सेंटिमीटर असते, तेथे केवळ म्हातारपणाच्या उपचारामुळे ही गाडी आपल्या बिरादरीतून बाहेर पडते आणि वरच्या वर्गातील तरुण, सोळा व्हॉल्वच्या गाड्यांच्या पंक्तीस जाऊन बसते. नियमपुस्तिका आधी वाचावी आणि मग लेथवाल्याकडे जावे, हा क्रम मी उलटा केला होता.

परंतु खरा मामला हेडचा. फियाटचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. ते तासून पातळ केले की पिस्टनच्या माथ्यावरची पोकळी लहान होते, मिश्रण अधिक दाबले जाते आणि त्याच पेट्रोलातून जोर अधिक निघतो. एका सिलिंडरचे घनफळ २८० धरले तर संपीडनाचे गुणोत्तर साडेसातावरून नवावर नेण्यासाठी गॅस्केटच्या जाडीसह ही पोकळी ४३ घन सेंटिमीटरवरून ३५ वर आणावी लागते. फरक फक्त आठांचा, म्हणजे चहाचे जेमतेम दीड चमचे. हा हिशेब मी कागदावर अत्यंत सुबक मांडला, त्यावरून किती तासायचे ते ठरविले आणि हेड लेथवर पाठविले. त्याच सुमारास जुळे कार्बोरेटर बसविले, फ्लायव्हील तासून हलके केले, मागची आसने, गालिचे आणि दारांची अस्तरे काढून टाकली. आणि २०११ च्या हिवाळ्यात एका मातीच्या मैदानावर, घड्याळाविरुद्ध एकेकट्याने धावण्याची जी ऑटोक्रॉस शर्यत असते तीत, आम्ही प्रथम उतरलो. तिसऱ्या फेरीत इंजिनातून डब्यात खडे हलविल्यासारखा आवाज येऊ लागला. चौथीत हेड गॅस्केट उडाले आणि पांढऱ्या वाफेचा एवढा लोट निघाला की पंचांनी आग समजून बंब धाडला.

नंतर मिस्त्रींनी हेड उलटे ठेवले, वर भोक पाडलेली काचेसारखी पारदर्शक पट्टी ग्रीसने चिकटविली आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजने त्या पोकळीत रॉकेल भरून मोजले. गॅस्केटची जाडी मिळवून २८ भरले. म्हणजे गुणोत्तर अकराच्या घरात गेले होते; पंपावर मिळणारे पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता आपण होऊन पेटत होते आणि पिस्टनवर हातोडे मारीत होते. माझा हिशेब चुकलेला नव्हता. तो कारखान्यातून निघालेल्या हेडचा होता, आणि हे हेड पूर्वी केव्हातरी, बहुधा गाडी तापून ते वाकडे झाल्यावर, कोणीतरी एकदा तासलेले होते. त्याची नोंद कोठेही नव्हती आणि आम्ही ती शोधलीही नव्हती. मिस्त्री बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिले. “मोजायला लाज वाटली, म्हणून कापलं,” ते म्हणाले. दोष माझा असता त्यांनी तो असा दोघांत वाटून घेतला, याचे मला आजही ओझे वाटते.

बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चार महिने फिरल्यावर मंगळवार पेठेतच एक दुसरे हेड मिळाले. या खेपेस आधी मोजले, मग कापले, पुन्हा मोजले. जुळे कार्बोरेटर काढून एकच चांगला बसविला, कारण दोघांची जुळणी सकाळी साधली तर दुपारच्या उन्हात बिघडे. फ्लायव्हीलही मूळ वजनाचे परत घातले, कारण हलक्या फ्लायव्हीलचे इंजिन आरंभरेषेवर बंद पडण्यात मोठे तरबेज होते. त्याच मैदानावर २०११ साली ज्या फेरीस १ मिनिट ३८ सेकंद लागले होते, तीच २०१४ साली, एक कार्बोरेटर कमी असताना, १ मिनिट ३१ सेकंदांत झाली. या सात सेकंदांचा जमाखर्च मी कित्येकदा मांडून पाहिला आहे. त्यांतील बहुतेक पुढच्या चाकांचे झिजलेले किंगपिन, दुसऱ्या गिअरमधून निसटणारा दांडा आणि मागच्या पाट्यांचे सैल बुश बदलल्याने मिळाले, हे माझे ठाम मत आहे. आणि ही सारी दुरुस्तीच्या खात्यावरची कलमे आहेत.

गिअरबॉक्सविषयी फार लिहीत नाही. स्टिअरिंगखालच्या दांड्याने, पहिल्या गिअरला सिंक्रो नसताना, वळणात शिरता शिरता दोनदा क्लच दाबून गिअर उतरविणे ही विद्या पुस्तकाने येत नाही. माझ्या भाच्याला ती दोन महिन्यांत आली, मला सहा वर्षे लागली.

ब्रेकची गोष्ट मात्र टाळता येत नाही. श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे १९९० साली सुरू झालेली ३.७ किलोमीटरची डांबरी धावपट्टी आहे. २०१५ साली मोठ्या हौसेने आम्ही गाडी ट्रेलरवर घालून तेथवर नेली. चौथ्या फेरीत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी मी ब्रेक दाबला आणि पेडल गादीवर पाय ठेवल्यासारखे तळाला गेले. गाडी वाळूत जाऊन थांबली, कोणास इजा झाली नाही. कारण अगदी शालेय आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून साठऐवजी नव्वदच्या वेगावरून थांबताना ब्रेकना दीडपट नव्हे, सव्वादोन पट उष्णता पोटात घ्यावी लागते. फियाटच्या चारही चाकांना ड्रम, ते तापून फुगतात आणि लायनरपासून दूर सरकतात. त्यात ब्रेकच्या तेलाने हवेतील ओल शोषलेली असली की ते उकळते आणि नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. इंजिनावर सात वर्षे पैसा ओतताना ते तेल मी तीन वर्षे बदललेले नव्हते. परतल्यावर कठीण लायनर, नव्या नळ्या आणि दर मोसमाच्या आरंभी ताजे तेल असा शिरस्ता घातला. पुढच्या चाकांना डिस्क बसविण्याची तजवीज मिस्त्रींनी दोनदा सुचविली, दोनदा मी खर्चापायी नाकारली, आणि ते मी चुकीचे केले.

सरकारदरबारचा भागही या इतिहासात मोडतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या दाखल्यातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारखान्याच्या मूळ बांधणीत बदल करण्याविरुद्ध निर्णय दिला. चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा जोडलेली, मागची आसने काढलेली गाडी रस्त्यावर आणून हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून ती ट्रेलरवरच येते आणि ट्रेलरवरच जाते. पिंजरा, पाचपट्टी पट्टा, अग्निशामक आणि बॅटरी तोडण्याचे बाहेरचे बटण यांपैकी एकही वस्तू गाडीला अर्ध्या सेकंदानेही वेगवान करीत नाही. तरीही साऱ्या वहीत ज्या खर्चाचा मला कधी पस्तावा झाला नाही असा तेवढाच.

अकरा वर्षांत आम्ही एकही शर्यत जिंकली नाही. आपल्या वर्गात सातवा क्रमांक, एकदा, २०१७ साली. मिस्त्रींनी २०१८ च्या दिवाळीनंतर गॅरेज बंद केले आणि ते गावी राहावयास गेले. मोसमाच्या आधी एस. टी. ने येतात, टॅपेटचा आवाज ऐकतात, चहा घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. गेल्या खेपेस त्यांनी जुन्या बाजारातल्या त्या हेडवर पट्टी लावून पाहिली. दोन वेळा तापून ते पुन्हा वाकले आहे, आणि आता तासावयास त्यात धातू शिल्लक नाही.

तेव्हा वाचकांस विनंती अशी की ज्यांच्या परसात, माळ्यावर किंवा बंद गॅरेजात जुन्या फियाटचे किंवा पद्मिनीचे हेड पडून असेल, त्यांनी ते किलोच्या भावाने देऊन टाकण्यापूर्वी त्यावर एक सरळ पोलादी पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून पाहावी. पट्टीखालून उजेड दिसला नाही, तर या मासिकाच्या पत्त्यावर मला एक कार्ड टाकावे. न्यावयास मी स्वतः येईन, आणि सिरिंज बरोबर आणीन.