बाळंतिणीची खोली आणि धूर नसलेला निखारा

माझे माहेर लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यातले. नाताळच्या सुटीला दोन-चार दिवस जोडून मी दरवर्षी गावी जाते. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला वेळ अमावास्या म्हणतात, बोलीत येळवस. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शेते माणसांनी भरतात. ज्वारीच्या ताटांची कोपी करायची, तिच्यात पूजा मांडायची आणि आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे यांचे जेवण बांधावर बसून करायचे. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तूर, हरभरा, वाटाणा यांचे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली ती घट्ट भाजी. तिची चव शहरातल्या गॅसवर येत नाही.

2022 साली येळवस 23 डिसेंबरला, शुक्रवारी होती. मी मंगळवारी संध्याकाळीच पोचले. एस.टी.तून उतरले तेव्हा सूर्य मावळत होता. रस्त्याच्या एका बाजूला हरभरा, दुसऱ्या बाजूला पोटऱ्यात आलेली ज्वारी. थंडी चांगलीच होती. घरी दुहेरी आनंद होता, कारण दादाची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली होती आणि बाळ अवघे बारा दिवसांचे होते.

बाळाला पाहायला आत गेले आणि डॉक्टर म्हणून माझे पहिले लक्ष गेले ते बाजेखालच्या शेगडीकडे. बाभळीचे लालबुंद निखारे, वर ओव्याची धुरी. खिडकी बंद, तिच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, दाराला जाड पडदा.

“आई, खिडकी थोडी उघडी ठेव गं,” मी म्हणाले.

“बाळंतिणीला वारं लागतंय. तुला बी मी असंच शेकलंय, काय झालं का तुला?” आई म्हणाली.

प्रवासाने मी थकले होते. आल्या आल्या आईशी वाद नको वाटला. सकाळी बोलू म्हटले आणि ओसरीलगतच्या खोलीत जाऊन झोपले. वाचकहो, ही माझी चूक होती आणि ती कबूल करण्यासाठीच आजचा लेख लिहीत आहे.

पहाटे चारच्या सुमारास तांब्या पडल्याचा आवाज झाला. बाहेर आले तर आई भिंतीला धरून उभी. “डोकं लई ठणकतंय, पायात बळच न्हाई,” म्हणाली. मी तशीच आत धावले. भाची ग्लानीत होती, उशाशी उलटी झालेली. “आत्या, डोकं फुटतंय,” एवढेच बोलली. बाळ मलूल होते. गालाला बोट लावले तरी तोंड वळवेना. अंगात ताप कुणालाच नव्हता. एका खोलीत झोपलेली तिघे एकाच वेळी आजारी, आणि मधोमध शेगडी. निदानाला याहून जास्त पुरावा लागत नाही.

दार-खिडकी सताड उघडली, तिघांना रजयांत गुंडाळून ओसरीत आणले, शेगडी अंगणात काढली. दादाने जीप काढली. तालुक्याच्या रुग्णालयात बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला, तो 98 आला. पण हे यंत्र अशा वेळी फसवे ठरते, ही गोष्ट तिथल्या तरुण डॉक्टरांनाही माहीत होती. त्यांनी आकड्यावर न विसंबता तिघांनाही ताबडतोब ऑक्सिजन लावला आणि मग लातूरला पाठवले. दुपारी बाळ जोरात रडले आणि दूध ओढू लागले. इतकी वर्षे मुले रडतात म्हणून पालकांना धीर देत आले, त्या दिवशी ते रडणे ऐकून मीच रडले.

हे विष असते तरी कसले?

लाकूड किंवा कोळसा पुरेशा हवेअभावी अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते; पण हा वायू त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग रक्त वाहत असते, श्वास चालू असतो, तरी मेंदू आणि हृदय उपाशी राहते. मोकळ्या हवेत रक्तातले हे विष निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. म्हणून “बाहेरच्या हवेने बरं वाटेल” म्हणून घरी बसू नये.

आपली मोठी गैरसमजूत अशी, की निखारे फुलले आणि धूर गेला म्हणजे बाधा गेली. खरे तर धुराने माणूस खोकत उठून दार तरी उघडतो. बिनधुराचा निखारा माणसाला झोपेतच गाठतो.

मग पूर्वी कसे चालत होते?

शुक्रवारी आम्ही सारे शेतात गेलो. बाळंतीण आणि बाळ वहिनीसोबत घरी होते. कोपीजवळ आई गप्प बसली होती. शेवटी म्हणाली, “माझ्या हातानं नातीचं घर बुडालं असतं. पर आमच्या सासूनं बी हेच केलं, तवा कसं काय झालं न्हाई?”

तिचा प्रश्न रास्त होता. आमचे जुने घर माळवदाचे. वर झरोका, दाराच्या फळ्यांत बोटभर फटी, वारा आत-बाहेर खेळता. आताचे घर स्लॅबचे, खिडक्यांना सरकत्या काचा, दार चौकटीत घट्ट बसणारे. शेगडी तीच राहिली, घर बदलले. तरीही जुन्या काळी सकाळी न उठलेल्या माणसांची कारणे कुणी तपासली होती, हेही मी आईला विचारले. त्यावर ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “मंग लेकराला ऊब द्यायची कशी?” कोपीच्या सावलीत बसून मी तिला जे सांगितले, तेच तुम्हालाही सांगते.

1) झोपण्याच्या खोलीत पेटती शेगडी, घमेले किंवा चूल ठेवू नये. खिडकी किलकिली ठेवली म्हणून भागत नाही.

2) शेकायचेच असेल तर दिवसा, मोकळ्या ओसरीत, थोडा वेळ आणि अंतर राखून शेकावे. बाळाला धुरी मुळीच देऊ नये. त्याची फुप्फुसे कोवळी असतात.

3) बाळाची सर्वांत चांगली शेगडी म्हणजे आईची छाती. बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे, नाक-तोंड मोकळे ठेवावे. एरवी टोपी, पायमोजे, अंगडी आणि कोरडे दुपटे.

4) न्हाणीघरातला गॅसचा गिझरही हाच वायू सोडू शकतो. तो न्हाणीघराबाहेर बसवावा आणि हवा खेळती ठेवावी.

5) डोकेदुखी, चक्कर, मळमळ, ग्लानी, आणि तीही घरातल्या अनेकांना एकदम व ताप नसताना: आधी सर्वांना बाहेर काढा, मग 108 ला फोन करा. शेगडी पेटली होती हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

सुटी संपवून निघाले तेव्हा आई बाळाला मांडीवर घेऊन ओसरीत उन्हात बसली होती. शेगडी परसात पालथी घातलेली होती. “शेजारच्या सुनंचे दिवस भरत आलेत,” आई म्हणाली, “तिच्या सासूला मी सांगून आले.”

थंडीत तुमच्या घरी, शेजारी एखादी बाळंतीण असेल. आज रात्री झोपण्यापूर्वी तिच्या बाजेखाली एकदा डोकावून पाहा. आणि माझ्यासारखे ‘सकाळी बोलू’ म्हणू नका.