'क्वीन'चा वर्धापनदिन कोणता?
लेखमाला : रॉक संगीताची कालगणना (लेखांक सातवा)

मराठीत स्मरणदिनांसाठी तीन वेगळे शब्द रूढ आहेत : व्यक्तीच्या जन्माची जयंती, तिच्या निधनाची पुण्यतिथी आणि संस्थेच्या स्थापनेचा वर्धापनदिन. रॉक समूह, म्हणजे विद्युत गिटार, बेस गिटार आणि ड्रम यांच्या साथीने बहुधा स्वतः रचलेली गाणी सादर करणारा कलावंतांचा संच, हा संस्थेसारखा दीर्घकाळ नांदत असला तरी त्याची स्थापना एखाद्या सभेत ठराव मांडून होत नाही. म्हणूनच त्याचा वर्धापनदिन ठरवताना कोणती घटना निर्णायक मानायची हा प्रश्न उरतो, आणि ब्रिटनमधील 'क्वीन' या समूहाच्या बाबतीत त्याची दोन उत्तरे प्रत्यक्ष व्यवहारात आली आहेत.

गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर हे १९६८ पासून 'स्माइल' नावाच्या समूहात होते. १९७० मध्ये त्या समूहाचे गायक टिम स्टॅफेल बाहेर पडले आणि त्यांच्या जागी फ्रेडी बल्सारा, म्हणजे पुढचे फ्रेडी मर्क्युरी, आले. २७ जून १९७० रोजी कॉर्नवॉल परगण्यातील ट्रुरो येथे रेड क्रॉसच्या मदतीसाठी झालेला कार्यक्रम हा या नव्या संचाचा पहिला कार्यक्रम होय. मात्र तो आधीच ठरलेला असल्यामुळे जाहिरातीत 'स्माइल' हेच नाव राहिले. 'क्वीन' हे नाव घेऊन हे कलावंत त्यानंतर तीन आठवड्यांनी, १८ जुलै रोजी, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात उभे राहिले. ब्रिटनच्या टांकसाळीने आणि टपाल खात्याने २०२० मध्ये समूहाच्या पन्नाशीनिमित्त अनुक्रमे नाणे आणि तिकिटे काढली, तेव्हा गणना याच वर्षापासून केली गेली.

परंतु १९७० च्या त्या संचात बेसवादक कायमचा नव्हता. बेस गिटार हे सामान्यतः चार जाड तारांचे, खर्जातील स्वरांचे वाद्य असून ड्रमचा ठेका आणि वरचे सूर यांना जोडण्याचे काम ते करते. ते डळमळीत असेल तर समूहाचा तोलच जातो. एकामागून एक तीन वादक आले आणि गेले, आणि १९७१ च्या आरंभी जॉन डीकन हा इलेक्ट्रॉनिक्सचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी आला, तो टिकला. कचऱ्यात सापडलेल्या सर्किटच्या तुकड्यापासून त्यांनी बनवलेला लहानसा ध्वनिवर्धक मे यांनी पुढे ध्वनिमुद्रणात वाद्यवृंदाचा भास निर्माण करण्यासाठी वापरला. १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे गीतही डीकन यांचेच. समूहाची चाळिशी २०११ मध्ये साजरी झाली, ती या १९७१ च्या गणनेनुसार. प्रस्तुत लेखमालेला हीच गणना अधिक न्याय्य वाटते, कारण नाव बदलणे सोपे असते, पण जे चौघे पुढे वीस वर्षे एकत्र राहिले ते प्रथम एकत्र आले, तो क्षण दुसऱ्या कोणत्याही क्षणाने भरून निघत नाही.

स्थापनेच्या तारखेविषयी असा मतभेद असला तरी ३१ ऑक्टोबर १९७५ या तारखेविषयी तो नाही. त्या दिवशी 'बोहिमियन ऱ्हाप्सडी' हे गीत स्वतंत्र तबकडीच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्या काळी नभोवाणीला साधारण तीन मिनिटांची गाणी हवी असत. हे गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे होते, त्यात वारंवार परतणारे ध्रुवपद नव्हते, आणि संथ गायन, पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या धर्तीचा समूहस्वरांचा खंड व कठोर रॉक हे तिन्ही प्रकार एकापाठोपाठ येत होते. त्यातील समूहस्वर एखाद्या मोठ्या गायकवृंदाचे वाटतात, पण ते मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांचेच आहेत. ध्वनिमुद्रणाच्या चोवीस पट्ट्यांच्या चुंबकीय फितीवर हे तिघे पुन्हा पुन्हा गात, भरलेल्या पट्ट्यांमधील आवाज एकत्र करून मोकळ्या पट्टीवर उतरवला जाई आणि रिकाम्या झालेल्या जागेवर नवे थर चढवले जात. संगणक नसलेल्या त्या काळातील ही चिकाटी आजही थक्क करते. हे गीत ब्रिटनमध्ये नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले, आणि १९९१ च्या अखेरीस पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर आणखी पाच आठवडे.

१३ जुलै या तारखेला या समूहाच्या इतिहासात दुहेरी स्थान आहे. १९७३ मध्ये याच दिवशी त्यांचा पहिला अल्बम, म्हणजे अनेक गीतांची एकत्रित तबकडी, ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. बरोबर बारा वर्षांनी, १९८५ मध्ये, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेल्या 'लाइव्ह एड'मध्ये सुमारे ७२ हजार प्रेक्षकांसमोर त्यांनी जेमतेम वीस-एकवीस मिनिटे गायन-वादन केले आणि त्या दीर्घ दिवसातील सर्वांत प्रभावी सादरीकरण म्हणून तेच स्मरणात राहिले.

जयंती आणि पुण्यतिथी मात्र व्यक्तीच्या असतात, आणि मर्क्युरी यांच्या बाबतीत त्या महाराष्ट्रालाही स्पर्श करतात. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बल्सारा सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून शिकला, पियानोचे शिक्षण त्याने तिथेच घेतले आणि 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला समूहही शाळासोबत्यांच्या साथीने तिथेच उभा राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी एड्स झाल्याचे निवेदन जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शोधल्या गेलेल्या एका लघुग्रहाला, म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान खडकाळ पिंडाला, २०१६ मध्ये त्यांच्या सत्तराव्या जयंतीनिमित्त त्यांचे नाव देण्यात आले. १७४७३ हा त्याचा क्रमांक असून, नावाची घोषणा केली ती ब्रायन मे यांनी, ज्यांनी समूहासाठी अर्धवट सोडलेले खगोलशास्त्रातील संशोधन पुन्हा हाती घेऊन २००७ मध्ये डॉक्टरेट मिळवली होती.