लोकरीच्या शेडमधील मुली

मेलबर्नच्या कलासंग्रहालयात टॉम रॉबर्ट्स या चित्रकाराचे ‘शिअरिंग द रॅम्स’ हे चित्र आहे. १८९० साली पुऱ्या झालेल्या या चित्रात मेंढ्यांवर ओणवे झालेले पिळदार पुरुष दिसतात आणि त्यांच्यामध्ये, कातरताना झालेल्या जखमांवर लावायच्या डांबराचे भांडे घेतलेला एक पोरगा प्रेक्षकाकडे पाहून हसतो. आपल्या श्रमजीवनाचे प्रतीक म्हणून ऑस्ट्रेलियाने हे चित्र डोक्यावर घेतले. गंमत अशी, की त्या पोराच्या जागी चित्रकारासमोर उभी होती ती नऊ वर्षांची एक मुलगी! शेडमध्ये मुलीने शिरायचे तर ते मुलाच्या वेषात, हे त्या काळाला धरूनच झाले.

लोकर कातरणाऱ्यांच्या संघटनेचा इतिहास मोठा आहे. क्वीन्सलंडमधील त्यांचा १८९१ चा संप मोडला गेला. पण तेथील मजूर पक्षाच्या उभारणीत त्याचा वाटा मानला जातो. मात्र या बंधुभावाला ‘बंधू’ हा शब्द अक्षरशः लागू होता. एखादी स्त्री शेडकडे येताना दिसली, की ‘तळ्यावर बदके आली’ अशी आरोळी उठे. पुरुषांनी शिव्या आवराव्यात, यासाठी तो इशारा होता. त्यात सभ्यता होती, तशी ‘ही जागा तुमची नव्हे’ ही समजही होती.

बळाचे कारण नेहमी पुढे केले जाई. १८९२ साली जॅकी हाऊ याने साध्या हातकात्रीने पावणेआठ तासांच्या आत ३२१ मेंढ्या कातरल्या. अशा पराक्रमाच्या कथा ऐकत वाढलेल्या व्यवसायात मुलीला कोण विचारणार? पण न्यूझीलंडच्या बोवेन बंधूंनी विसाव्या शतकाच्या मध्यास कातरण्याची जी पद्धत रूढ केली, तिने या युक्तिवादाचा पायाच ढिला केला. मेंढी पार्श्वभागावर बसवून गुडघ्यांत अशी तोलायची, की ती धडपडत नाही. डाव्या हाताने कातडी ताणायची आणि यंत्र लांब, सलग फिरवायचे. मेंढीशी झुंज घेणारा लवकर थकतो, तिला तोलणारा टिकतो. न्यूझीलंडमध्ये जानेवारी २०२१ मध्ये मेगन व्हाइटहेड या तरुणीने नऊ तासांत ६६१ कोकरे कातरून स्त्रियांचा तोपर्यंतचा विक्रम मोडला, तो याच कौशल्यावर.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व ऑस्ट्रेलियातील वेतन-लवादाने १९६९ साली मान्य केले आणि १९७२ साली ते अधिक व्यापक केले. शेडमध्ये मात्र अडचण दराची नव्हतीच. कातरणाऱ्याची मजुरी मेंढ्यांच्या संख्येवर ठरते आणि मेंढी कोणाच्या हातून कातरली गेली हे दर विचारत नाही. प्रश्न होता तो कातरण्याची जागा मिळण्याचा, आणि ती देणे कंत्राटदाराच्या हाती. मुलीच्या वाट्याला येई ते लोकर उचलण्याचे, टेबलावर पसरण्याचे, कडेची घाण काढण्याचे आणि झाडण्याचे काम. चहाच्या सुट्टीत एखादा सहृदय कारागीर यंत्र हाती देई, तेवढीच तिची शाळा. न्यूझीलंडमध्ये, विशेषतः माओरी कुटुंबांच्या टोळ्यांत, स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या शेडमध्ये वावरत आल्या. पण तेथेही त्या बहुधा लोकर हाताळण्याच्या बाजूलाच राहिल्या.

दार उघडले ते बरेचसे गरजेपोटी. १९७० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सुमारे अठरा कोटी मेंढ्या होत्या. पुढे कळप आटले आणि कारागीर त्याहून आटले. २०२० च्या महासाथीत सीमा बंद झाल्या, न्यूझीलंडहून दरवर्षी येणाऱ्या टोळ्या अडकल्या आणि प्रशिक्षणवर्गांत मुलींचे स्वागत होऊ लागले. हे उशिरा सुचलेले शहाणपण असले, तरी त्याचा लाभ खरा आहे. पदवी नसलेल्या खेड्यातील मुलीला स्वतःच्या हाताच्या वेगावर चांगली कमाई करता येईल, असे व्यवसाय थोडेच असतात.

त्याची किंमतही लहान नाही. दोन-दोन तासांच्या चार पाळ्यांत दीडशे मेंढ्या कातरायच्या, म्हणजे पन्नास किलोंचा जीव दीडशे वेळा ओढून आणायचा. कंबर हे या धंद्याचे पहिले भक्ष्य. छातीखाली आधाराला स्प्रिंगचा पट्टा टांगतात. तो पुरुषही वापरतात, तेव्हा त्यात स्त्रीच्या दुबळेपणाचा पुरावा शोधू नये. हंगामात महिनोन्‌महिने घराबाहेर राहावे लागते. आणि अनेक जुन्या शेडमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालय तर राहोच, कोणतेच धड शौचालय नाही. विक्रमवीर तरुणीचे छायाचित्र वृत्तपत्रात झळकते. त्याच वेळी दुसरी एखादी मुलगी दुपारच्या सुट्टीत शेडमागे आडोसा शोधत असते.