पडल्या झाडाची कामं

पाऊस स्थिरावला की भीमाशंकरच्या चमकत्या जंगलाचे व्हिडिओ फिरू लागतात. यंदाही फिरले. बातमी पुणे जिल्ह्याची म्हणून छापून येते; पण अभयारण्याची हद्द घाट उतरून मुरबाड तालुक्यात सिद्धगडापर्यंत येते. तेव्हा विषय ठाणेकरांच्याही घरचा आहे.

मेलेल्या लाकडात मायसीना वंशाच्या बुरशीचे बारीक तंतू पसरलेले असतात, त्यांचा तो प्रकाश. बुरशी एक द्रव्य तयार करते, विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि हिरवट, थंड उजेड बाहेर पडतो. ही रासायनिक साखळी २०१८ मध्ये उलगडली. उजेड कशासाठी, यावर मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाही. ब्राझीलमधल्या एका जातीत तो रात्री वाढतो आणि कीटकांना ओढतो, असं २०१५ च्या अभ्यासात दिसलं. ते कीटक बीजाणू पसरवत असावेत. लाकूड सुकलं की उजेड बंद. व्हिडिओतला भडक हिरवा रंग ही कॅमेऱ्याच्या लांब एक्स्पोजरची किमया. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, मग कुठे फिकट काहीतरी दिसू लागतं. टॉर्च मारत फिरणाऱ्यांना ते दिसणं कठीणच.

मला उजेडापेक्षा कूजच मोठी बातमी वाटते. लाकडाला ताठ ठेवणारं लिग्निन पचवणं फार थोड्या सजीवांना जमतं, आणि त्यात पांढऱ्या कुजीच्या बुरशी अव्वल. त्यांनी खाल्लेलं लाकूड फिकट, तंतुमय होतं, बोटांनी सुटतं. तपकिरी कुजीच्या बुरशी सेल्युलोज खाऊन लिग्निन बरंचसं तसंच ठेवतात. तिथं लाकूड चौकोनी तुकड्यांत भेगाळतं. भर पावसात ऐनाचा जुना ओंडका जरा कलता करून बघा: मातीकडच्या बाजूला पांढऱ्या तंतूंचं जाळं, सालीवर अर्धवर्तुळाकार कडक अळंबी, फटींत वाळवीने लिंपलेली माती. बघून झालं की होता तसाच ठेवा.

युरोपच्या थंड जंगलात असा ओंडका कुजायला कित्येक दशकं लागतात. आपल्याकडे ऊब, चार महिन्यांचा पाऊस आणि वाळवी यांच्यापुढे सावर, पांगारा काही पावसाळ्यांतच मातीत जातात. साग तेवढा दाद देत नाही. वाळवी लाकूड चावते आणि वारुळात बुरशीची शेती करते. पावसाळ्यात हौसेने खाल्ली जाणारी वारुळावरची अळंबी त्याच शेतीतली.

शहापूरच्या तानसा अभयारण्यात या कुजीचं मोल आणखी कळतं. रानपिंगळा या छोट्या घुबडाची १८८४ नंतर खात्रीशीर नोंदच नव्हती. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि २०१४ मध्ये चक्क तानसात, मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाच्या जंगलात! हे घुबड ढोलीत घरटं करतं, पण ढोली स्वतः कोरत नाही. फांदी मोडते, जखमेतून बुरशी शिरते, गाभा मऊ होतो. तांबट आणि सुतार पक्षी तिथं चोच चालवतात. तयार ढोली पुढे दुसऱ्या कुणाच्या कामी येते. उभं वठलेलं झाड तोडलं की ही सोयच जाते.

म्हणूनच ‘जंगल साफ करा’ ही भाषा मला पटत नाही. आणि दर वेळी मोळीवाल्या बायकांना दोष देणंही थांबायला हवं. चुलीला कडक वाळलेली काटकी लागते. ओला, भुसभुशीत ओंडका त्या डोक्यावर कशाला वाहतील? मोठं नुकसान वणव्याचं. फाल्गुन-चैत्रात पाचोळ्याला लागलेली आग पडलेल्या खोडांत धुमसत राहते आणि आत मुरलेली बुरशी लाकडासकट राख होते. त्याखालोखाल, चमकणारा तुकडा खिशात घालून नेणारे हौशी. घरी पोहोचून तो सुकतो आणि विझतो.

स्वीडन, फिनलंडमध्ये तोडणीच्या वेळीही काही वठलेली झाडं जाणूनबुजून उभी ठेवतात. वनखात्याने शहापूर-मुरबाडमध्ये ढोलीची आणि वठलेली झाडं खूण करून राखावीत, जाळरेषा शिमग्याच्या आधी काढून व्हाव्यात. रस्त्यालगतचं धोक्याचं झाड तोडावंच लागलं, तर त्याचं खोड लिलावात न काढता आत जंगलात आडवं टाकावं.