इगतपुरीतले लहान कार्यालय: गारवा, ऊब आणि विजेचे बिल

समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, थळ घाटाच्या माथ्यावर असलेल्या इगतपुरीत कार्यालय गार ठेवायला खर्च येत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. पावसाळ्यात तो बराचसा खरा ठरतो. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र पत्र्याखालची खोली चांगलीच तापते, आणि लहान कार्यालयाला वीज घरगुती नव्हे, वाणिज्यिक दराने घ्यावी लागते.

ही उष्णता मुख्यतः खिडकीतून येते असे मानून जाड पडदे लावले जातात. वस्तुतः इगतपुरीच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो. एकमजली इमारतीत तेव्हा सर्वाधिक ऊन छपरावर पडते. म्हणून पहिला खर्च तिथेच करणे शहाणपणाचे. पत्र्यावर किंवा गच्चीवर पांढरा परावर्तक रंग दिल्यास बरेचसे ऊन परत फेकले जाते. चुनाही चालतो, पण इथल्या धुवाधार पावसात तो टिकत नाही. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये हात फिरवावा लागतो. पत्र्याखाली उष्णतारोधक थर घालून छत केले तर फरक आणखी जाणवतो. पश्चिमेच्या खिडकीला सावली बाहेरून हवी. आतल्या पडद्यापर्यंत पोचलेले ऊन काच ओलांडून खोलीत शिरलेले असते.

एसी 18 अंशांवर लावला की खोली लवकर गार होते, हा समज सर्वत्र आढळतो. तापलेली खोली थंड करताना यंत्र 24 वर लावले तरी पूर्ण ताकदीनेच चालते. 18 वर ते तसेच अधिक वेळ चालत राहते, एवढेच. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते. 2020 पासून तारांकित एसी सुरू होताना मुळातच 24 अंशांवर असतात. सोबत पंखा लावला तर 26 अंशही सुसह्य होतात. पंखा मात्र खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. रिकाम्या खोलीत तो फुकट फिरतो. एसी बंद-चालू करण्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीतही चालू ठेवणे स्वस्त, हेही खरे नाही.

जास्त टनांचा एसी नेहमीच चांगला असेही नाही. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते आणि हवेतला दमटपणा तसाच उरतो. इगतपुरीला हे विशेष लागू पडते: इथे वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमधला खरा त्रास उकाड्याचा नसून ओलीचा, कागदांवर धरणाऱ्या बुरशीचा असतो. त्यासाठी एसीचा ड्राय मोड थोडा वेळ पुरतो. कूलर तेव्हा निरुपयोगी, कारण तो हवेत आणखी बाष्प सोडतो. कोरड्या एप्रिलमध्ये, खिडकी उघडी ठेवल्यास, तोच उपयोगी पडतो.

हिवाळ्यात ऑइल हीटर कमी वीज खातो असे सांगितले जाते. तारेचा असो वा तेलाचा, एका युनिटमधून उष्णता सारखीच मिळते. 2000 वॅटचा हीटर रोज चार तास चालला तर आठ युनिटे जळतात. गरम-थंड दोन्ही करणारा एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढत असल्याने तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट ऊब देतो. सकाळच्या तासाभराच्या गारठ्यासाठी नवा एसी घेणे मात्र परवडत नाही; दाराच्या फटी बुजवून टेबलाखाली लहान हीटर ठेवला तरी भागते.