बालकाच्या चुकीचा अर्थ : वाडी परिसराच्या संदर्भात वाचन-लेखनाच्या संशोधनाचा विचार

बालक वाचावयास व लिहावयास कसे शिकते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना अभ्यासकाच्या हाती प्रथम पडते ती बालकाची चूक. परंतु चूक मोजणे ही एक गोष्ट आणि तिचा अर्थ लावणे ही दुसरी. पहिल्या कामास उत्तरपत्रिका पुरते. दुसऱ्यासाठी बालकाच्या घरची बोली व त्याच्या वस्तीतील लेखनव्यवहार यांचा परिचय लागतो. नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वसलेली वाडी हे या भेदाचे उत्तम उदाहरण होय.

वाडी हे गोदामे आणि मालवाहतूक यांचे ठाणे आहे. उपजीविकेसाठी निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे स्थानिक कुटुंबांच्या शेजारी राहतात. मराठी व हिंदी यांचा सहवास नागपूरला नवा नाही; १९५६ पर्यंत हे शहर ज्या प्रांताची राजधानी होते, तो प्रांतच द्वैभाषिक होता. या दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असल्यामुळे शिकणाऱ्याची सोय होते, आणि अडचणही.

समजा, वाडीतील एखाद्या शाळेत दुसरीच्या वर्गाला ‘डोळा’ हा शब्द लिहावयास सांगितला. एक मूल ‘डोया’ लिहिते, दुसरे ‘डोला’, तिसरे ‘डळ’. चौथे ‘डो’ लिहून थांबते. परीक्षेच्या दृष्टीने चौघांनाही शून्य गुण. संशोधनाच्या दृष्टीने मात्र ही चार मुले चार भिन्न अवस्थांत असू शकतात. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत अनेकांच्या तोंडी ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. म्हणून पहिल्या मुलाने आपल्या कानाशी इमान राखून लिहिले असावे. ध्वनी व अक्षर यांचा संबंध त्याला उमगला आहे. त्याला हवा आहे तो केवळ प्रमाण लेखनाचा परिचय. दुसऱ्याच्या घरी हिंदी बोलली जात असेल, तर त्या भाषेत ‘ळ’ हा ध्वनी नसल्याने शिक्षकांचा उच्चार त्याला ‘ल’ असा ऐकू येणे स्वाभाविक आहे. तिसऱ्याला मूळ अक्षरे येतात, पण मात्रा व काना यांचे कार्य कळलेले नाही. चौथ्याला ‘ळ’ हे अक्षरच अपरिचित असावे. या चौघांना पुन्हा मुळाक्षरे गिरवावयास बसविले, तर त्याचा खरा उपयोग बहुधा शेवटच्यालाच होईल.

हे सारे अर्थातच तर्क होत. त्यांची पारख करणे हे संशोधनाचे काम. त्यासाठी साधे उपाय पुरतात. चित्र दाखवून बालकाकडून शब्द उच्चारून घ्यावा. ‘मन’ व ‘मण’, ‘काल’ व ‘काळ’ अशा शब्दांच्या जोड्या वाचावयास द्याव्या. घरी कोणती भाषा बोलली जाते ते पालकांकडून जाणून घ्यावे. त्याच मुलाचे लेखन काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. एकच खूण चारही कसोट्यांवर टिकली, तरच तिला निष्कर्ष म्हणावे.

वाचनाच्या बाबतीत हाच विवेक अधिक आवश्यक ठरतो. छापील ‘डोळा’ पाहून ‘डोया’ म्हणणारे मूल चुकले असे म्हणता येत नाही; त्याने शब्द ओळखला, अर्थ जाणला आणि तो आपल्या बोलीत सांगितला. उलट ‘ड’ला ओकार ‘डो’, ‘ळ’ला काना ‘ळा’ असे निर्दोष म्हणणाऱ्यास संपूर्ण शब्दाचा बोध झालाच असेल असे नाही. अमेरिकेत केनेथ गुडमन यांनी १९६० नंतरच्या दशकात वाचकाच्या चुका या त्याच्या विचारप्रक्रियेच्या खिडक्या होत, अशी भूमिका मांडली. त्यांचे सर्व सिद्धान्त पुढे मान्य झाले नाहीत. तथापि चुकीकडे पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी टिकून राहिली.

भारतीय लिप्यांचे स्वरूपही लक्षात घ्यावे लागते. रोमन लिपीत सव्वीस अक्षरे. देवनागरीत व्यंजन, स्वरचिन्हे व जोडाक्षरे यांच्या संयोगाने शेकडो आकृती सिद्ध होतात. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांसंबंधी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अक्षरसंचावर प्रभुत्व येण्यास प्रारंभीच्या इयत्तांहून अधिक काळ लागतो असे दिसून आले. यास्तव इंग्रजी वाचनाविषयीचे कालमान मराठी मुलांना जसेच्या तसे लावणे युक्त नव्हे.

महाराष्ट्रात अशा प्रदीर्घ निरीक्षणाचा प्रयत्न झालेला आहे, तो राज्याच्या दुसऱ्या टोकास, पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात. शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली २०११ ते २०१६ या काळात भारतीय भाषांतील साक्षरतेविषयीचा प्रकल्प वाडा व कर्नाटकातील यादगीर येथे चालला. त्याचा वृत्तान्त २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली ते तिसरीच्या मुलांची पाहणी, वर्गनिरीक्षण, शिक्षकांच्या मुलाखती व अभ्यासक्रमाचे परीक्षण यांची तेथे सांगड घालण्यात आली. अक्षरओळखीवर भर पडतो आणि अर्थग्रहण व स्वतंत्र लेखन मागे राहते, असे त्या वर्गांचे चित्र समोर आले. वाड्याची आदिवासी बोली व वाडीची मिश्र बोली यांत अंतर आहे. पण घरची भाषा व पुस्तकाची भाषा यांतील दरी हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे.

वर्गाबाहेरच्या लेखनव्यवहाराचे मोल शर्ली ब्राइस हीथ यांनी १९८३ साली दाखवून दिले. अमेरिकेच्या कॅरोलिना प्रदेशातील शेजारच्या वस्त्यांत लेखी मजकुराशी वागण्याच्या रीती भिन्न होत्या, आणि शाळा त्यांपैकी एकाच रीतीला ओळखत होती. वाडीतील अभ्यासकानेही असाच शोध घ्यावयास हवा. गोदामाची पाटी, मालाची बिल्टी, किराण्याची वही, विहारातील वंदना, भजनमंडळातील पोथी यांपैकी मुलाच्या नित्य पाहण्यात काय येते? पाठ असलेली वंदना पुस्तकावर बोट ठेवून म्हणणारे मूल वाचत आहे की आठवत आहे? पाटीवरील हिंदी वळणाचा ‘ल’ आणि पाठ्यपुस्तकातील मराठी वळणाचा ‘ल’ एकच, हे त्याला कोणी सांगितले आहे काय? २००९ च्या शासन निर्णयाने मराठीपुरते अक्षरांचे वळण निश्चित केले. रस्त्यावरच्या पाट्यांवर मात्र दोन्ही वळणे दिसणे शक्य आहे.

मोठ्या पाहण्यांचे महत्त्व यामुळे उणावत नाही. २००५ पासून ‘असर’ या पाहणीने अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट अशा पायऱ्यांनी ग्रामीण मुलांची वाचनस्थिती देशासमोर ठेवली. मूल कोणत्या पायरीवर आहे, हे अशी पाहणी सांगते. ते तेथे का थांबले, हे सांगणे तिच्या कक्षेबाहेरचे आहे. त्यासाठी थोड्या मुलांचा, परंतु दीर्घकाळ, वर्गात व घरी अभ्यास करावा लागतो. त्यात पालकांची संमती, मुलांच्या नावांची गुप्तता आणि निष्कर्ष प्रथम शिक्षकांना कळविणे ही पथ्ये अनिवार्य होत.

अशा अभ्यासाचे फलित केवळ प्रबंधात राहत नाही. ‘डोया’ लिहिणाऱ्या मुलावर ‘कच्चे’ असा शिक्का बसला, तर त्याचे वर्ष आधीच येत असलेल्या अक्षरांवर खर्च होते, आणि आपल्या घरची भाषा हीच चूक आहे असा धडा ते नकळत शिकते. त्या एका ‘या’मागे ऐकणारा कान आणि लिहू पाहणारी बुद्धी आहे, हे शिक्षकाच्या नजरेस आणून देणे, एवढे जरी संशोधनास साधले, तरी त्याचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.